ब्लोअरमधला गुलाल

१४ डिसेंबर, रविवार

मामांचं पॅनेल पडलं. गावच्या दूध संस्थेचे इतकी वर्षं चेअरमन असलेले माझे सासरे पिराजीराव आजपासून साधे सभासद. राधानगरीच्या अलीकडच्या त्या गावात मी सकाळपासून हजर होतो. जावई म्हणून कर्तव्य. निकालानंतर मामा फक्त "चहा घ्या, पावणं" म्हणाले. मीही काही बोललो नाही. अशा वेळी गप्प बसणं हा मोठा आधार असतो.

परत येताना गावाबाहेर विरोधी पॅनेलची मिरवणूक आडवी आली. पुढे हंबीरराव, निवडून आलेले, आता चेअरमन होणारे. रस्ता बंद. थोडा वेळ थांबावं लागलं. याहून जास्त काही झालं नाही.

कोल्हापुरात शिरायच्या आधी गाडी धुऊन घेतली. रस्त्याला धूळ फार.

१६ डिसेंबर, मंगळवार

मामांना दमा आहे. दर मंगळवारी सकाळी त्यांना कोल्हापुरात छातीच्या डॉक्टरांकडे आणायचं. हे काम मी आपण होऊन अंगावर घेतलं आहे, माझ्या बायकोने, वर्षाराणीने, सांगितल्यावर. डॉक्टरांची सक्त ताकीद आहे की गार वारं लागू द्यायचं नाही. म्हणून एसटी नको, म्हणून गाडी, बंद काचा, हीटर.

आज हीटरचा नॉब फिरवला. डॅशबोर्डच्या आत घर्र झालं, कोणीतरी खाकरल्यासारखं, आणि पंखा बंद. बाहेर दाट धुकं. आत आमचे श्वास. काच पांढरीफटक झाली आणि समोरचा उसाचा ट्रॅक्टर दिसेना. नाइलाजाने काचा खाली केल्या. मामांनी मफलर तोंडावर ओढला. दवाखान्यापर्यंत खोकत होते.

कारण साधं आहे. पंखा नाही म्हणजे काचेवर वाफ, वाफ घालवायला काचा खाली, काचा खाली म्हणजे थंडी आत. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, विद्युत मोटरचा धडा तर मुलांना फारच आवडतो. माझं निदान: लूज कनेक्शन. रविवारी दुरुस्त.

१८ डिसेंबर, गुरुवार

रविवारपर्यंत थांबलो नाही. कामाचा उरक म्हणतात तो हा. फ्यूज उडाला होता. नवा घातला. पंखा एक गिरकी घेऊन पुन्हा बंद. फ्यूज पुन्हा उडालेला. दुकानात निकृष्ट माल विकतात. यावर कोणी बोलत नाही.

वर्षाराणी म्हणाली, एवढ्यासाठी गुंडूकडे का नेत नाही? गुंडू म्हणजे उद्यमनगरातला ऑटो इलेक्ट्रिशियन. माणूस चांगला. पण तो मामांच्या गावचा. तिकडची प्रत्येक गाडी त्याच्याकडे येते आणि प्रत्येक गाडीची बातमी गावात जाते. मी म्हणालो, घरात फिजिक्सचा माणूस असताना पंख्यासाठी गॅरेजला जाणं शोभत नाही. ती म्हणाली, बघा बाई.

२० डिसेंबर, शनिवार

डॅशबोर्डचा डाव्या बाजूचा खण काढला. त्याच्यामागे ब्लोअर, म्हणजे हीटरचा पंखा, असतो. टॉर्च मारला.

गुलाबी.

सगळं गुलाबी. पंख्याची पाती गुलाबी, भोवतीचा डबा गुलाबी, वायरीसुद्धा गुलाबी. गाडी धुताना वरून पाणी गेलं असणार, त्यात गुलालाचा चिखल होऊन पाती जाम झाली आहेत. मोटर फिरायला बघते, फिरता येत नाही, जास्त करंट खेचते, फ्यूज उडतो. निदान पूर्ण झालं. समाधान वाटायला हवं होतं.

ही रोजनिशी कोणी वाचत नाही, म्हणून तपशील नोंदवून ठेवतो. त्या दिवशी मिरवणुकीत जेसीबीने गुलाल ओतत होते. काचा बंद होत्या, पण ब्लोअर चालू होता. समोरच्या काचेखालच्या जाळीतून तो बाहेरची हवा आत ओढतो. मी काही गुलाल उधळला नाही. तो गाडीने श्वासाबरोबर घेतला. आता काचा अगदी पूर्ण बंद होत्या असंही नाही. हंबीररावांनी खिडकीशी येऊन पेढा पुढे केला, तेव्हा अर्धी खाली केली होती. पेढा घेतला. हातात घेतलेला पेढा टाकून द्यायचा का? तो अन्नाचा अपमान झाला असता.

मामा घराच्या पुढच्या अंधाऱ्या सोप्यात बसलेले होते तेव्हा.

संकल्प: मंगळवारच्या आत साफ करायचं. एकट्याने.

२३ डिसेंबर, मंगळवार

जमलं नाही. कॉलेजात सराव परीक्षेचे पेपर तपासायचे होते आणि शनिवारी आत हात घालताना कोपर खरचटलं.

मामांसाठी माकडटोपी, लोकरीचे हातमोजे आणि थर्मास घेऊन गेलो. स्वतःच्या वडिलांनाही कोणी एवढं करत नाही. काचा खालीच. अर्ध्या रस्त्यात मामांना इतका दम लागला की गाडी बाजूला घ्यावी लागली. पंप मारून झाल्यावर म्हणाले, "वारं लय झोंबतंय की ओ." मी म्हणालो, मामा, पार्ट मुंबईहून यायचाय. ते म्हणाले, "येऊ दे की. तुमी हैसा म्हणून तर चाललंय."

असला कुठलाच पार्ट मागवलेला नाही.

गुंडूकडे नेली असती तर एका दुपारचं काम. हे मला माहीत आहे. पण त्याने खण उघडला की त्याला गुलाबी दिसणार, आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळणार की पिराजीरावांच्या जावयाने त्यांच्या पराभवाच्या दिवशी कोणाचा गुलाल घेतला. मामांना धक्का बसेल. दम्याच्या माणसाला धक्का चांगला नाही. म्हणजे थोडक्यात, मी हे त्यांच्या तब्येतीसाठीच करतो आहे. ही बाजू आज पहिल्यांदा लक्षात आली.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सुट्टी. मोटर बाहेर काढली! स्क्रू सगळे निघाले. एक सापडत नाही, पण तो बहुधा कंपनीने जादाच दिलेला असतो.

मोटर जिन्याखाली नेली, जुन्या बॅटरीला जोडली. फिरते की नाही ते आधी बघायचं, मग साफ करायचं. शास्त्रीय पद्धत. वायर लावली आणि डब्याबाहेर आलेली मोटर वाळलेला गुलाल उडवत अशी सुटली, की आनंदाने ओरडलो. त्याच क्षणी वरच्या मजल्यावरचे भूपाळ अण्णा जैन बस्तीला पूजेला जायला खाली उतरत होते. पांढरं धोतर, पांढरा दुपट्टा, हातात तांदळाची डबी. डबीसकट गुलाबी झाले.

अण्णा मोठ्या मनाचे. रागावले नाहीत. स्वतःकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "कोण निवडून आलं ओ?"

वर्षाराणी दारात उभी. तिनेही तेच विचारलं, फक्त डोळ्यांनी.

मी म्हणालो, जोतिबाचा गुलाल.

कुठून आलं तोंडात कोण जाणे. म्हणालो, मागे एकदा कॉलेजातून परस्पर डोंगरावर जाऊन आलो, तुझ्या आबांसाठी, म्हणजे मामांसाठी, साकडं घालायला. पार्किंगमध्ये गुलाल उधळत होते, तो आत गेला. सांगितलं नाही, कारण अशा गोष्टी सांगून करायच्या नसतात. हे वाक्य चांगलं जमलं. वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही गच्चीवर अण्णांचं धोतर भिजत घातलं. तिने मला चहाबरोबर घरचा चिवडा दिला. 

२७ डिसेंबर, शनिवार

तिने माहेरी फोन करून सांगितलं. सांगणारच होती. मामा फोनवर मला म्हणाले, "पोरगा असता तर त्यानं बी केलं नसतं." त्यांना मुलगा नाही.

मी आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला. येत होता.

३० डिसेंबर, मंगळवार

मोटर अजून जिन्याखाली. डॅशबोर्डला भगदाड. आजही काचा खाली.

गाडीत बसल्यावर मामांनी टोपी काढली. म्हणाले, "डोंगरावरचा गुलाल हाय न्हवं हितं? जरा लावतो की." आणि भगदाडाच्या कडेला बोट फिरवून कपाळाला लावलं. डोळे मिटून म्हणाले, "जोतिबाच्या नावानं चांगभलं."

हंबीररावांचा गुलाल. माझ्या सासऱ्यांच्या कपाळावर. मी स्टेअरिंग धरून समोर बघत राहिलो. त्या वेळी सांगायला हवं होतं, पण समोर ट्रॅक्टर होता आणि गाडी चालवताना बोलू नये. पुढे ट्रॅक्टर गेला. तरी बोललो नाही.

लिहितो आता सगळंच. मिरवणुकीत मी खाली उतरलो होतो. हलगी चांगली वाजत होती. दोन्ही हात वर केले. ते आळस द्यायलाही वर होतात, पण मी तेवढ्यासाठी केले नव्हते. सकाळपासून हरलेल्या घरात बसून कंटाळलो होतो आणि जिंकलेल्यांत बरं वाटलं. एवढंच झालं. कोणाचं काय वाईट केलं? मामांचं. असं उत्तर येतं.

नव्या वर्षाचा संकल्प: खरं बोलायचं. १ तारखेपासून.

१ जानेवारी, गुरुवार

पहिल्याच दिवशी कोणाला घाईने काही सांगणं बरं नाही. आधी पंखा चालू करू. ऊब असली की बोलणं सोपं जातं.

४ जानेवारी, रविवार

पाती दात घासायच्या ब्रशने धुतली. मोटर बसवली. फ्यूज पुन्हा उडाला. दुकान बंद होतं. चॉकलेटच्या वेष्टणातला चंदेरी कागद गुंडाळून फ्यूजच्या जागी घातला. पंखा लागला! पूर्ण वेगाने! हीटरची गरम हवा तोंडावर आली. वर्षाराणीला हाक मारली, ती बाल्कनीतून हसली. पुढच्या मंगळवारी मामांना काचा बंद करून, उबेत, डुलक्या घेत आणणार. मनातल्या मनात त्यांना सगळं सांगूनही टाकलं, ते मनातल्या मनात हसलेही.

मग धूर आला.

पंख्याचा वेग बदलणारा भाग जळला. त्याच्या वायरीही जळल्या. भूपाळ अण्णांनी वाळूची बादली आणून दिली. या खेपेला ते स्वेटर घालून, लांबच उभे होते.

मुलांना प्रात्यक्षिकात शॉर्ट सर्किट कसं होतं ते समजावून सांगायला आता माझ्याकडे प्रत्यक्ष उदाहरण आहे.

६ जानेवारी, मंगळवार

आज मी मामांबरोबर डॉक्टरांच्या खोलीत होतो. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, कपाळाला आठ्या घातल्या. औषध वाढवलं. विचारलं, थंडीत फिरता का, सकाळी गार हवेत जाता का. मी चप्पल बघत होतो.

मामा म्हणाले, "छे ओ. पावण्यांची गाडी हाय की. काचा बंद असत्यात."

मला वाचवायला म्हणाले. डॉक्टरांसमोर जावयाला कमीपणा येऊ नये म्हणून. परतीच्या वाटेवर मी मामांना माझं जॅकेट दिलं. त्यांना ते फार मोठं झालं. बाह्यांमध्ये हात दिसेनात.

उद्या गुंडूकडे. नक्की.

७ जानेवारी, बुधवार

गेलो होतो. गॅरेजच्या दारापर्यंत. आत मामांच्या गावचे दोघे बाकड्यावर चहा पीत बसले होते. गाडी न थांबवता पुढे काढली. वळून गंगावेशीत जाऊन दूध प्यायलो. कालचा थकवा होताच.

१२ जानेवारी, सोमवार

मामांचा फोन. म्हणाले, "उद्या मी एसटीनं येतो. तुमास्नी तरास नको." मी म्हणालो, मामा, एसटीत गार वारं. ते म्हणाले, "गर्दी असतीया. माणसामाणसांत ऊब असती."

फोन ठेवल्यावर वर्षाराणीने विचारलं, आबांना तुमची गाडी नको का झाली? मी म्हणालो, त्यांना जुनी सवय आहे एसटीची. तिने डबा घासायला घेतला आणि तोच डबा बराच वेळ घासत राहिली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. वर्षाराणीला घेऊन गावाला गेलो. ठरवून गेलो होतो की आज सगळं सांगायचं. पंखाही आजच चालू करायचा, म्हणजे सांगताना काहीतरी दाखवायला असेल. मामांच्या अंगणात गाडी लावली, पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरलो. पाय दाराबाहेर.

तेवढ्यात हंबीरराव आले. तिळगूळ घेऊन.

हलता येईना. मामांनी त्यांना अंगणातच खुर्ची दिली. सगळं ऐकू येत होतं. हंबीरराव खुल्या आवाजाचे. म्हणाले, "इलेक्शन झालं, आता काय त्याचं? पिराजीराव, तुमी मोठं माणूस. आमची मिरवणूक निघाली तवा तुमचं जावई गाडी थांबवून खाली उतरलं, आमच्यात नाचलं की! पेढा खाल्ला. तवाच मी घरात म्हणलं, पिराजीरावांनी जावयाला मुद्दाम धाडलंया. त्यांच्या मनात काय न्हाय. मग मीच वाट कशाची बघू?"

 सोप्यात वर्षाराणीच्या बांगड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. मी एका स्क्रूकडे बघत होतो, तो सापडत नव्हता तोच.

मग मामा म्हणाले, "व्हय. मीच धाडलतं."

दोघांनी तिळगूळ खाल्ला. हंबीररावांनी दम्याची चौकशी केली. त्यांच्या मोठ्या गाडीत हीटर उत्तम आहे, म्हणाले, मंगळवारी मीच नेतो, मला तसंही कोल्हापुरात काम असतंय. मामा नको नको म्हणाले, मग बरं म्हणाले. जाताना हंबीररावांनी माझ्या पायांना हाक मारली, "येतो ओ पावणं!" मी आतून बरं म्हणालो.

ते गेल्यावर मामा दाराशी आले. "भाईर या," म्हणाले. आलो. मी सुरुवात केली की मामा, गुलालाचं सांगायचं होतं. त्यांनी हात वर केला.

म्हणाले, "गुलालाचं ऱ्हाऊ दे. माझ्या हयातीत मी बी लय उधळलाय. त्यो धुतला की जातोय. पर मला दम लागत हुता आन् तुमी काच खाली करत हुतासा. सारं ठावं असून."

ओरडले असते तर बरं झालं असतं. सोप्यात जाऊन बसले. मी अंगणातच उभा.   लाज वाटली. ती लिहून ठेवतो.

येताना गाडीत वर्षाराणी पदर गुंडाळून बसली होती. काचा खाली होत्या. तिलाही थंडी वाजत होती. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "जोतिबाला आता खरंच जाऊन या."

१७ जानेवारी, शनिवार

गुंडूकडे गेलो. त्याने खण काढला, आत बघितलं, पान थुंकून आला. आश्चर्य नाही, काही नाही. म्हणाला, "निकाल लागल्यावर असल्या गाड्या येत्यातच की, सर. परवाच दोन करून दिल्या." कोणत्या पॅनेलचा गुलाल ते त्याने विचारलंसुद्धा नाही. बाकड्यावरच्या माणसांनीही नाही. ते क्रिकेट बघत होते.

जेवायला जाऊन येईपर्यंत गाडी तयार. फक्त किल्ली देताना त्याने मला विचारलं, हा चंदेरी कागद कोणी घातला होता. मी म्हणालो, आधीच्या मेकॅनिकने.

१८ जानेवारी, रविवार

जोतिबाला जाऊन आलो. डोंगरावर गुलाल होताच. ब्लोअर बंद ठेवला. माणूस शिकत असतो.

देवापुढे उभं राहिल्यावर काय मागायचं ते सुचेना. मामांचा दम कमी होऊ दे म्हणालो. बाकीचं मागायला तोंड नव्हतं.

१९ जानेवारी, सोमवार

मामांना फोन केला. हीटर सुरू झालाय, म्हणालो. चारही वेगांवर चालतो. उद्या मी येतो न्यायला. ते म्हणाले, "हंबीररावास्नी शबुद दिलाय. आता मोडायला बरं न्हवं." मग म्हणाले, "पुढं बघू." पुढं बघू हे नाही म्हणण्यासारखं नाही. मी वर्षाराणीला तसं सांगितलं. ती म्हणाली, मीही आबांबरोबर हंबीररावांच्याच गाडीतून येते, जागा आहे. आज मुक्कामालाच निघाली. एसटीने.

२० जानेवारी, मंगळवार

तरीही भल्या सकाळी गावाला गेलो. बोलावलं नव्हतं. जावयाला बोलवावं लागत नाही.

हंबीररावांची गाडी अंगणात उभी. मामा पुढे बसलेले, टोपी न घालता. वर्षाराणी मागे. दोन चेअरमन, एक आजी, एक माजी, दुधाच्या फॅटवर वाद घालत होते. मजेत होते दोघे. काचा बंद. मला बघून मामांनी काच थोडी खाली केली, लगेच खोकला आला म्हणून वर केली. वर्षाराणी उतरून आली आणि तिने माझ्या हातात जेवणाचा डबा दिला. दवाखान्यात उशीर होतो, आबांना मधे खायला लागतं, त्यांच्या गाडीत पायाशी सांडेल, तुम्ही मागून घेऊन या, म्हणाली.

निघालो. पुढे त्यांची गाडी, मागे मी. धुकं होतं. हीटर लावला. काच स्वच्छ. गुंडूने काम खरंच चांगलं केलं आहे. डबा शेजारच्या सीटवर ठेवला आणि पडू नये म्हणून त्याला बेल्ट लावला. गरम हवेची जाळी त्याच्याकडे वळवली. सगळा रस्ता पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून मामांची मान दिसत होती. एकदाही खोकल्याने हलली नाही.

दवाखान्याच्या बाकावर मामांनी डबा उघडला. भाकरी गरम होती. त्यांनी अर्धी हंबीररावांना दिली. कशी काय गरम राहिली, हे कोणी विचारलं नाही.